मधल्या रांगेतून पुढे: हॉर्नवादक बँडचा संचालक कसा होतो

दरवर्षी २९ जानेवारीच्या संध्याकाळी दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीटचा सोहळा होतो आणि दूरदर्शनवर तो पाहताना कोणी ना कोणी हमखास विचारतो, की समोर उभा राहून हात हलवणारा तो माणूस नेमके करतो काय? वादकांना चाल पाठ असते, ड्रम ठेका धरून असतात, मग त्याच्यावाचून अडते कुठे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. तबलजी तबल्यावर हात बसवतो, गायक गळा तयार करतो. पण या माणसाच्या हाती वाद्यच नाही. मग त्याने रियाज करायचा तो कशाचा, आणि एक साधा वादक त्या जागी पोचतो तो कोणत्या वाटेने?

ही वाट समजून घेण्यासाठी येथे जॉन बूर्झ्वा यांचे उदाहरण घेतले आहे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यातले बूर्झ्वा न्यू ऑर्लिन्सच्या लोयोला विद्यापीठाची पदवी घेऊन १९५६ मध्ये तेथील मरीन कोअर या सैन्यदलात भरती झाले, १९५८ मध्ये त्या दलाच्या बँडमध्ये हॉर्नवादक आणि संगीत-संयोजक म्हणून रुजू झाले आणि १९७९ मध्ये त्याच बँडचे संचालक झाले. हा बँड १७९८ मध्ये स्थापन झाला असून तो राष्ट्राध्यक्षांचा खास बँड मानला जातो. बूर्झ्वा १९९६ मध्ये निवृत्त झाले. हॉर्न हाती धरून बँडमध्ये पाऊल ठेवणे आणि त्याच बँडसमोर संचालक म्हणून उभे राहणे, यांत त्यांची एकवीस वर्षे गेली. एवढा काळ लागण्याचे कारण, माझ्या मते, असे की संचालकाचे काम दिसते हाताचे, पण असते कानाचे. आणि कान घडवण्यासाठी हॉर्नवादकाच्या खुर्चीइतकी कडक शाळा बँडमध्ये क्वचितच दुसरी सापडेल.

गदा घेतलेला वेगळा, काठी घेतलेला वेगळा

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. संचलनात बँडच्या पुढे चालणारा, उंचापुरा, हातात गदेसारखा जाडजूड दंड फिरवणारा जो असतो तो ड्रम मेजर. बँडने केव्हा निघायचे, कुठे वळायचे, केव्हा थांबायचे, हे त्या दंडाच्या खुणांवरून ठरते. त्याची जबाबदारी पावलांची असते. ध्वनीची जबाबदारी संचालकाकडे असते. आपल्याकडे त्यालाच बँडमास्तर म्हणण्याचा प्रघात आहे. बँड एका जागी उभा राहिला किंवा सभागृहात बसला की तो हातात बारीक पांढरी काठी घेऊन समोर येतो. प्रत्येक वादकापुढे फक्त त्याच्या वाद्याचे स्वर लिहिलेला कागद असतो. संचालकापुढे मात्र सगळ्या वाद्यांचे स्वर एकाखाली एक मांडलेली जाड वही असते आणि तिला स्कोअर म्हणतात. त्या एका पानावर वीस-पंचवीस ओळी एकाच क्षणी वाचायच्या असतात, हे ध्यानात घेतले की हातवारे हा कामाचा किती लहान भाग आहे, याचा अंदाज येतो.

बारा फुटांची नळी

ज्याला फ्रेंच हॉर्न म्हणतात ते वाद्य म्हणजे गोल गुंडाळलेली पितळी नळी. ती उलगडून सरळ केली तर सुमारे बारा फूट भरते. ट्रंपेटची नळी जेमतेम साडेचार फुटांची असते. हॉर्नच्या कळा डाव्या हाताने दाबायच्या आणि उजवा हात वाद्याच्या रुंद तोंडात घालून ठेवायचा, अशी त्याची धाटणी आहे. हे तोंड वादकाच्या मागच्या बाजूला वळलेले असते, म्हणजे श्रोते समोर आणि आवाज निघतो तो पाठीमागे.

एवढ्या लांब नळीचा परिणाम काय होतो, हे कळले की हॉर्नवादकाचा सगळा स्वभाव कळतो. कोणत्याही पितळी वाद्यात एकही कळ न दाबता, फक्त ओठांचा ताण बदलून, अनेक स्वर काढता येतात. हे स्वर एखाद्या विचित्र शिडीच्या पायऱ्यांसारखे असतात: खालच्या पायऱ्या एकमेकींपासून दूर, आणि जसजसे वर जावे तसतशा त्या जवळजवळ येत जातात. ट्रंपेटचा वादक बहुतेक वेळ खालच्या, सुट्या पायऱ्यांवर वावरतो. हॉर्नची नळी लांब असल्यामुळे त्याची शिडीच मुळात फार खालून सुरू होते, आणि संगीतात लागणारे त्याचे स्वर येतात ते वरच्या, दाटीवाटीच्या भागात. तेथे आठवी, नववी आणि दहावी पायरी यांच्यांत सा आणि रे यांच्याइतकेच अंतर उरते. बोटे अगदी बरोबर कळांवर आहेत, पण ओठांचा ताण केसभर चुकला, तर शेजारचाच स्वर बाहेर पडतो किंवा दोन्हींच्या मध्ये अडकून फुटतो. जगातील उत्तमोत्तम वादकांचाही हॉर्न भर मैफलीत कधीतरी फुटतो, आणि जाणकार श्रोता त्याबद्दल त्यांना दोष देत नाही.

म्हणून हॉर्न शिकणाऱ्या मुलाला पहिल्याच महिन्यात एक सवय लागते, किंवा मग तो वाद्य सोडून देतो: फुंकण्याआधी स्वर मनात ऐकायचा. पियानोवर किंवा पेटीवर बोट पडले की स्वर मिळतो, तो आधी ऐकलेला असो वा नसो. हॉर्नमध्ये जो स्वर मनात नाही तो वाद्यातूनही येत नाही. संचालकाला नेमके हेच करावे लागते. त्याच्या समोर पन्नास माणसे असतात आणि ती वाजवू लागण्याआधी तो ध्वनी त्याच्या कानात तयार असावा लागतो, कारण तो तयार नसेल तर वाजले ते बरोबर की चूक, हे तो कशाशी ताडून पाहणार?

ठेक्याच्या मधल्या जागेत

संचलनाचे संगीत साधारणपणे मिनिटाला १२० पावलांच्या लयीत चालते, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. ट्यूबासारखी खर्जातली वाद्ये पावलाबरोबर वाजतात. हॉर्नच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षे दोन पावलांमधली रिकामी जागा आलेली आहे: धुम् नंतरचा चक्, धुम् नंतरचा चक्, पानेच्या पाने. चाल क्लॅरिनेटला आणि कॉर्नेटला, दणका ट्रॉम्बोनला, आणि आपल्याला हे दळण, अशी हॉर्नवादकांची जगभरची तक्रार आहे आणि ती खोटी नाही.

पण या दळणातून जे पीठ पडते ते संचालकाच्या फार उपयोगाचे असते. जो मात्रेवर वाजवतो त्याला मात्रा ऐकू येते, कारण तो स्वतःच ती वाजवत असतो. जो मात्रांच्या मध्ये वाजवतो त्याला ती स्वतःच्या आत धरून ठेवावी लागते, आणि ती जरा जरी ढळली तरी त्याचा चक् ट्यूबाच्या धुम् वर जाऊन आदळतो. आपल्याकडे टाळी आणि खालीचे भान ठेवणाऱ्या श्रोत्याला यातली गोम लगेच उमगेल. त्यातच वाद्याचे तोंड मागे असल्याने आवाज मागच्या भिंतीवर आपटून श्रोत्यांपर्यंत पोचतो आणि किंचित उशिराचा वाटतो. ते टाळण्यासाठी हॉर्नवादक स्वतःच्या कानाला बरोबर वाटेल त्याच्या तिळमात्र आधी वाजवायला शिकतो. आपल्याला येथे काय ऐकू येते आणि तेथे काय ऐकू जाईल, हा फरक त्याच्या अंगवळणी पडतो.

स्वर एक, अक्षरे चार

आता सर्वांत किचकट, पण चुकवता न येणारा भाग. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना तो तुलनेने सोपा जाईल. बँडमधील बरीच वाद्ये कागदावर जे लिहिलेले असते ते वाजवत नाहीत. ती ठरलेल्या अंतराने वेगळा स्वर देतात. पाश्चात्त्य स्वरलेखनातील सी म्हणजे आपली पांढरी एक. पण हॉर्नवादकाने कागदावरचा सी वाजवला की ऐकू येते ती खालच्या सप्तकातील पांढरी चार. क्लॅरिनेटवर तोच सी काळी पाच होऊन येतो आणि आल्टो सॅक्सोफोनवर काळी दोन. पाश्चात्त्य बासरी तेवढी लिहिलेलेच वाजवते.

समजा बँडने एका क्षणी सर्वांनी मिळून काळी पाच वाजवायची आहे. त्या क्षणी बासरीच्या कागदावर बी फ्लॅट असतो, क्लॅरिनेटच्या कागदावर सी, हॉर्नच्या कागदावर एफ आणि आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर जी. स्कोअरमध्ये ही चार वेगवेगळी अक्षरे एका उभ्या रेषेत दिसतात आणि संचालकाच्या डोळ्यांनी ती पाहताच कानात एकच स्वर उमटावा लागतो. एखाद्या पानावर छपाईची चूक असेल आणि हॉर्नला एफ ऐवजी एफ शार्प दिलेला असेल, तर तो पकडायला वाद्य हाती घेण्याची सोय नसते.

ही भानगड का ठेवली, असे कोणालाही वाटेल. कारण असे की एकाच कुळातील लहानमोठी वाद्ये वाजवताना बोटांची ठेवण तीच राहावी, म्हणून हा हिशेब वादकाऐवजी कागदावर टाकला गेला. मोठा सॅक्सोफोन सोडून लहान हाती घेतला तरी बोटे नव्याने शिकावी लागत नाहीत. हॉर्नची कथा आणखी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कळांची युक्ती निघेपर्यंत हॉर्नला कळाच नव्हत्या. पट्टी बदलली की नळीचा एक तुकडा काढून दुसऱ्या लांबीचा बसवायचा, अशी रीत होती, आणि त्यामुळे जुन्या रचनांमध्ये हॉर्नचे कागद कधी डी, कधी ई फ्लॅट, कधी जी अशा निरनिराळ्या पट्ट्यांत लिहिलेले आहेत. आजचा वादक आपला कळांचा हॉर्न घेऊन तेच जुने कागद वाचतो आणि प्रत्येक स्वर वाजवता वाजवता मनातल्या मनात सरकवतो. हा हिशेब इतर अनेक वादकांना संचालनाच्या वर्गात गेल्यावर प्रथम भेटतो. हॉर्नवादकाने तो पोरवयातच घोटलेला असतो.

वाजवणारा, मग मांडणारा

येथवर जे सांगितले ते हॉर्नच्या खुर्चीत बसून शिकता येते. पुढचे तेथे शिकता येत नाही. बूर्झ्वा यांच्या नेमणुकीत हॉर्नवादनाच्या जोडीला आणखी एक काम होते, याकडे म्हणूनच लक्ष द्यावेसे वाटते. संयोजक म्हणजे तयार चाल किंवा वाद्यवृंदाची रचना घेऊन ती बँडमधील वाद्यांत वाटून लिहिणारा. व्हायोलिनचा भाग क्लॅरिनेटला दिला तर वादकाला श्वास कुठे घेता येईल? बसून नावाच्या लाकडी फुंकवाद्याचा हळुवार आवाज चार ट्रॉम्बोनपुढे टिकेल का? हॉर्नने वरचा स्वर पाच मिनिटे सलग धरला तर सहाव्या मिनिटाला त्याच्या ओठांचे काय होईल? असे प्रश्न रोज सोडवणारा माणूस दुसऱ्यांच्या वाद्यांत राहायला शिकतो. वादक आपला एक कागद पाहतो, संयोजक सगळे कागद स्वतःच्या हाताने लिहितो. स्कोअर वाचण्याची तयारी यापेक्षा चांगली नाही.

सर्वसाधारणपणे वाटेतले टप्पे असे येतात. तरुण वादक आधी आपल्या विभागाचा प्रमुख होतो, म्हणजे चार हॉर्नवादकांची वेगळी तालीम घेतो. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि हॉर्न अशा पाच जणांच्या छोट्या मेळात तो संचालकाविना वाजवतो. या पाचांत पितळी वाद्य एकटे हॉर्नच असते, आणि लाकडी वाद्यांच्या नाजूक आवाजात मिसळून जायचे की पितळेसारखे झळकायचे, हे त्याला क्षणाक्षणाला ठरवावे लागते. मग केव्हातरी संचालक गैरहजर असताना तालीम घेण्याची संधी येते, पुढे उपसंचालकपद येते. बरेच जण याच काळात विद्यापीठात संचालनाचे रीतसर शिक्षण घेतात.

रीतसर शिक्षणाची गरज का वाटली, याची एक कथा इंग्लंडमध्ये सांगितली जाते. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, तुर्कस्तानात स्कुटारी येथे राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात ब्रिटिश पलटणींच्या बँडनी एकाच वेळी राष्ट्रगीत सुरू केले, पण प्रत्येकाची पट्टी निराळी आणि मांडणीही निराळी होती. परकीय सेनानींसमोर झालेली ही शोभा जिव्हारी लागली आणि १८५७ मध्ये लंडनजवळ नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा सुरू झाली. पुढे दीडशेहून अधिक वर्षे, २०२१ पर्यंत, ती तेथेच होती. पलटणीतील होतकरू वादकाला तेथे आणून हार्मनी, मांडणी आणि संचालन शिकवायचे आणि बँडमास्तर करून परत पाठवायचे, ही पद्धत तेथे रुळली आणि ब्रिटिश अमदानीबरोबर भारतीय लष्करी बँडच्या घडणीतही झिरपली.

हात नेमके काय सांगतो

आता हाताकडे वळू. उजव्या हाताची काठी मात्रा दाखवते. चार मात्रांच्या तालात पहिली मात्रा खाली, दुसरी डावीकडे, तिसरी उजवीकडे आणि चौथी वर, हा आकार इतका सर्वमान्य आहे की कोणत्याही देशातील वादक मान वर करताच आपण कितव्या मात्रेवर आहोत, हे ओळखतो. डावा हात दुसरे बोलतो: ट्रंपेटने आवाज कमी करावा, बासरीने आता यावे, हा स्वर अजून धरून ठेवावा. दोन्ही हात एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब झाले तर एक हात वाया गेला, असे संचालनाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात ऐकावे लागते.

पण खरी मेख आहे ती पहिल्या मात्रेच्या आधी. संगीत सुरू होण्यापूर्वी संचालक एक मात्रा मुकी दाखवतो. त्या एका हालचालीत तीन गोष्टी सांगायच्या असतात: लय किती, आवाज केवढा आणि श्वास केव्हा. फुंकवाद्यांच्या बँडमध्ये श्वासाला सर्वाधिक महत्त्व आहे. काठी वर जाताना पन्नास माणसे एकत्र श्वास घेतात आणि ती खाली येताना एकत्र सोडतात. संचालक स्वतः त्या क्षणी श्वास घ्यायला विसरला तर समोरची सुरुवात विस्कटते, आणि नव्या संचालकाच्या पहिल्या तालमीत ती बहुधा विस्कटतेच. ज्याने आयुष्याची दहा-वीस वर्षे फुंकण्यात घालवली आहेत त्याला हा श्वास शिकवावा लागत नाही.

तालीम सुरू झाली की हात मागे पडतो आणि कान पुढे येतो. उदाहरणार्थ, शेवटचा मोठा स्वरसमूह वाजला आणि तो आंबट लागला. संचालक सर्वांना थांबवतो आणि आधी फक्त ट्यूबाला तो स्वर धरायला सांगतो, त्यावर युफोनियम, मग ट्रॉम्बोन, मग हॉर्न. दुसऱ्या हॉर्नशी येताच मिसळण जाते. वादक चुकीचा स्वर वाजवत नसतो. त्याच्या वाट्याला त्या समूहातला गंधार आलेला असतो आणि पेटीच्या गंधारापेक्षा तो किंचित उतरलेला ठेवला तरच समूह गोड लागतो, हे त्याला सांगावे लागते. वादक वाद्याच्या तोंडातला उजवा हात थोडा आत सरकवतो आणि स्वर जागेवर येतो. अशा कामासाठी एका मिनिटापेक्षा जास्त वेळ घेतला तर बाकीचे चाळीस जण कुजबुजू लागतात, म्हणून दोष कोणत्या खुर्चीत आहे, हे ऐकताक्षणी ओळखावे लागते.

हवामानाचाही हिशेब असतो. उकाड्यात फुंकवाद्यांचा स्वर चढतो, थंडीत उतरतो, कारण नळीतल्या गरम हवेत ध्वनी जलद धावतो. दिल्लीतल्या जानेवारीच्या संध्याकाळी लहान वाद्ये वादकाच्या श्वासाने लवकर गरम होतात आणि मोठी थंडच राहतात, त्यामुळे सकाळी जुळवलेला बँड संध्याकाळी आपोआप बेसूर होऊ शकतो.

“मिरवणुकीतला बँड तर संचालकाविना वाजतो”

हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात किंवा दरबार बँड वाजतो तेव्हा त्यांच्यासमोर काठी घेतलेला कोणी नसतो. तेथे मास्तर स्वतः वाद्य वाजवत पुढे असतो, बहुतेक वादक तीच एक चाल धरून असतात, आणि सगळे एकमेकांपासून हाताच्या अंतरावर असतात. अशा ठिकाणी संचालक उभा केला तर तो अडचणच होईल.

विजय चौकातील परिस्थिती निराळी असते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बँड तीस मीटर खोल पसरला असेल तर मागच्या ड्रमचा आवाज पुढच्या रांगेत पोचायला सेकंदाचा जवळजवळ अकरावा हिस्सा लागतो. दर अर्ध्या सेकंदाला एक मात्रा पडत असताना हा उशीर अजिबात किरकोळ नाही. पुढच्याने मागच्याचे ऐकून वाजवले तर तो उशिरा वाजवणार, आणि मागच्याने पुढच्याचे ऐकून वाजवले तर तो त्याहून उशिरा. काठी मात्र सगळ्यांना एकाच क्षणी दिसते. म्हणजे अशा बँडमध्ये वादकाला कधी कधी कानापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि तसा विश्वास टाकावा असा माणूस समोर असावा लागतो.

“मग संचालकाला सगळी वाद्ये यायला हवीत का?”

सफाईने वाजवता यायला नकोत. पण प्रत्येकातून निदान एक सप्तक काढून पाहिलेले असावे. क्लॅरिनेटमध्ये एका ठराविक स्वरावरून पुढच्या स्वरावर जाताना जवळजवळ सगळी बोटे एकदम ठेवावी लागतात. ट्रॉम्बोनमध्ये कळा नसून सरकती नळी असल्यामुळे काही स्वर जोडून वाजवणे अवघड जाते. ज्याने हे हाताने अनुभवले आहे तो वादकाला नुसते “नीट वाजवा” असे म्हणत नाही, तर कोणते बोट आधी ठेवावे, ते सांगतो. वादकांना हा फरक पहिल्या अर्ध्या तासात कळतो.

“तर मग फक्त हॉर्नवादकच संचालक होतात?”

मुळीच नाही. मरीन बँडचा सर्वांत नामांकित संचालक जॉन फिलिप सूझा व्हायोलिनवादक होता. तो १८६८ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्या बँडमध्ये उमेदवार म्हणून शिरला, १८८० मध्ये संचालक झाला आणि १८९२ पर्यंत त्या पदावर राहिला. बूर्झ्वा यांच्यानंतर आलेले टिमथी फोली क्लॅरिनेटवादक, त्यांच्यानंतरचे मायकेल कोलबर्न युफोनियमवादक आणि नंतरचे जेसन फेटिग पुन्हा क्लॅरिनेटवादक. या यादीत वाद्ये बदलतात; बदलत नाही ते एवढेच, की यांपैकी प्रत्येक जण आधी त्याच बँडच्या रांगेत बसून वाजवत होता. हॉर्नचा फायदा इतकाच, की इतरांना जे वेगळे कमवावे लागते त्यातले बरेचसे तो वाद्याबरोबर फुकट देतो. क्लॅरिनेटवादकाकडे चालीची जाण आणि चपळ बोटे असतात. मधल्या आवाजांत काय चालले आहे, हे ऐकण्याची सवय त्याला मुद्दाम लावून घ्यावी लागते.

हॉर्नमुळे काही उणिवाही येतात, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मधल्या रांगेत बसून ऐकलेला बँड आणि समोरून ऐकू येणारा बँड वेगळा असतो. नव्याने पुढे आलेला हॉर्नवादक बऱ्याचदा हॉर्न जास्त वाजू देतो, कारण त्याच्या कानाला तो समतोल ओळखीचा असतो. तालवाद्यांकडे त्याचे दुर्लक्ष होते.

कालचा सहकारी

स्कोअर, श्वास आणि हात यांहूनही कठीण असा एक भाग आहे आणि तो कोणत्याही वर्गात शिकवला जात नाही. काल ज्याच्या शेजारी बसून संचालकाच्या नावाने कुरकुर केली, त्यालाच आज “तुमचा स्वर उतरतोय” असे चारचौघांत सांगायचे असते. लष्करी बँडमध्ये हुद्दा मदतीला येतो, पण हुद्द्याने लोक वेळेवर हजर होतात, मन लावून वाजवतातच असे नाही. शिवाय संचालक स्वतः एकही स्वर काढत नाही. ओठांची ताकद रोजच्या सरावावर टिकते. सराव सुटला की काही आठवड्यांतच वरचे स्वर जातात, त्यामुळे बहुतेक हॉर्नवादकांना एका टप्प्यावर वाद्य खाली ठेवण्याचा निर्णय घ्यावाच लागतो.

आणि संचालक झाल्यावर कामाचा मोठा हिस्सा संगीताच्या बाहेरचा असतो. बूर्झ्वा यांनी चार राष्ट्राध्यक्षीय शपथविधींसाठी बँडचा कार्यक्रम ठरवला आणि तो वाजवून घेतला. १९८५ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मरीन बँड नेदरलँड्सला गेला, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांनी तो अठरा दिवसांच्या दौऱ्यावर सोव्हिएत संघात नेला. शीतयुद्ध नुकते निवळू लागलेले असताना तेथल्या श्रोत्यांसमोर काय वाजवावे आणि काय टाळावे, हे ठरवणे हेही संचालकाचेच काम होते.

आपल्याकडची वाट

भारतात ही वाट मुख्यतः सैन्यदलांतून जाते. मध्य प्रदेशातील पचमढी येथे १९५० मध्ये, जनरल करिअप्पा सरसेनापती असताना, लष्करी संगीताची शाळा सुरू झाली. आता ती सेनेच्या शिक्षण कोअरच्या केंद्राचा भाग आहे. पलटणीत भरती झालेला वादक तेथे वाद्य शिकतो आणि त्यातले निवडक पुढे बँडमास्तर होण्यासाठी पुन्हा तेथेच येतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या किंवा खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या बँडसमोर उभा राहणारा नायब सुभेदार किंवा सुभेदार बहुधा अशाच वाटेने आलेला असतो. नौदलाच्या बँडचे मुंबईतील ठिकाण म्हणजे कुलाब्याचे आयएनएस कुंजली. नौदलाचा मोठा वाद्यवृंद मुंबईकरांसाठी सार्वजनिक कार्यक्रमही करतो आणि त्यात हॉर्नची रांग जवळून पाहायला मिळते.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे. पोर्तुगीज काळात तेथील चर्चच्या शाळांत लहान मुलांना स्वरलेखन वाचायला आणि वाद्य धरायला शिकवत असत. कागद पाहताच वाजवणारे वादक त्यातून तयार झाले आणि मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत, पोलीस बँडमध्ये आणि सैन्यदलांच्या बँडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या त्यांना मागणी राहिली. महाराष्ट्रातील शाळांत बँड पुष्कळ आहेत, पण त्यांत बहुधा ड्रम, बिगुल आणि बासऱ्या असतात. हॉर्न महाग असतो, तो शिकवणारा सहज मिळत नाही आणि शाळेच्या संचलनात त्याची उणीव कोणाला भासत नाही.

ज्या मुलाच्या हाती हॉर्न आलाच आहे त्याने बँडमास्तर व्हायला वीस वर्षे वाट पाहायची गरज नाही. हॉर्नचे कागद गाऊन पाहावेत, पेटीवर ट्यूबाची ओळ आणि चाल एकत्र वाजवावी, आणि ओळखीची एखादी मराठी चाल क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, हॉर्न आणि ट्रॉम्बोन अशा चौघांसाठी लिहून काढावी. मग चार मित्र जमवून त्यांच्यासमोर उभे राहावे आणि एक मुकी मात्रा द्यावी. सॅक्सोफोनच्या कागदावर पट्टी चुकलेली असेल, तर ते पहिल्याच ओळीत ऐकू येते.